यादी राखणाऱ्यांचं काम

ओपन सोर्स सॉफ्टवेअरची आज टंचाई नाही. टंचाई आहे ती त्यातून निवड करायला लागणाऱ्या वेळेची आणि भरवशाच्या माहितीची. गिटहब या २००८ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर जगभरातले प्रोग्रॅमर आपापले प्रकल्प ठेवतात. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या वापरकर्त्यांची संख्या १० कोटींवर गेली. यातले असंख्य प्रकल्प सरावासाठी केलेले, कितीतरी अर्धवट सोडलेले, काही उत्तम आणि थोडेच असे, की ज्यांच्यावर एखादी संस्था आपला रोजचा कारभार सोपवू शकेल. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला ग्रंथांची नोंद, देवघेव आणि सभासदांची वर्गणी संगणकावर आणायची आहे असं समजू. सॉफ्टवेअर फुकट मिळेल. पण कोणतं घ्यावं, ते पाच वर्षांनी चालू असेल का, उद्या दुसरीकडे जायचं ठरवलं तर आपल्या नोंदी बाहेर काढता येतील का, या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळत नाहीत. ती कुणीतरी आधी शोधून, पडताळून लिहून ठेवलेली असावी लागतात. हे शोधण्याचं आणि पडताळण्याचं काम ज्या निवडक, सामूहिक याद्यांमधून होतं, त्यांच्याविषयी हा लेख आहे. माझं म्हणणं असं, की या याद्या राखणं हे ओपन सोर्सच्या जगातलं मोलाचं, पण कमी लेखलं गेलेलं काम आहे. आणि त्याचं मोल नव्या नोंदी घालण्यात आहे त्याहून जास्त तपासण्यात, दुरुस्त करण्यात आणि वगळण्यात आहे.

या याद्यांचा आजचा प्रकार साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी रुळला. प्रोग्रॅमिंगच्या मोफत पुस्तकांची एक यादी आधी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या स्थळावर होती. २०१३ साली ती गिटहबवर आणली गेली, म्हणजे कुणालाही तिच्यात भर घालता यावी. पुढच्या वर्षी, जुलै २०१४ मध्ये, सिंद्रे सोरहुस या नॉर्वेजियन प्रोग्रॅमरनं ‘ऑसम’ नावाची याद्यांची यादी सुरू केली. पायथन, पीएचपी, माहिती-सुरक्षा, नकाशे, संगीत अशा शेकडो विषयांच्या याद्या तिच्याखाली आल्या. २०१५ मध्ये सुरू झालेली ‘ऑसम सेल्फहोस्टेड’ ही त्यांतली विशेष काटेकोर यादी. दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर न जाता स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतील अशी सॉफ्टवेअर तिच्यात नोंदलेली असतात. पद्धत सगळीकडे सारखीच आहे. यादी सर्वांसाठी खुली. ज्याला नोंद सुचवायची त्यानं यादीची स्वतःची प्रत घ्यायची, तिच्यात बदल करायचा आणि तो मूळ यादीत सामावून घ्यावा अशी विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवायची. यादीचे मेंटेनर, म्हणजे ती राखणारे, ही विनंती वाचतात, शंका विचारतात, दुरुस्त्या सांगतात, स्वीकारतात किंवा नाकारतात. ही सगळी चर्चा उघड्यावर होते आणि कायम राहते.

वाचनालयाचंच उदाहरण पुढे नेऊ. ‘कोहा’ हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांसाठी तयार झालं, २००० च्या जानेवारीत वापरात आलं आणि आज भारतातल्या अनेक ग्रंथालयांमध्ये चालतं. ऑसम सेल्फहोस्टेडमध्ये त्याची नोंद जेमतेम दोन ओळींची आहे: नाव, ते काय करतं याचं एक वाक्य, मूळ संकेतस्थळ, सोर्स कोडचा पत्ता, परवाना आणि ते ज्यात लिहिलं आहे ती पर्ल भाषा. आता या दोन ओळींमागचे नियम पाहा. यादीची मूळ माहिती प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक स्वतंत्र फाइल करून ठेवली जाते, त्यामुळे कुठल्या नोंदीत कुणी, कधी, काय बदललं हे लगेच दिसतं. वर्णन थोडक्यात असावं लागतं, आणि यादीतल्या सगळ्याच सॉफ्टवेअरला लागू पडणारी ‘मोफत’, ‘ओपन सोर्स’ अशी विशेषणं त्यात चालत नाहीत, कारण ती वाचणाऱ्याला नवं काहीच सांगत नाहीत. सॉफ्टवेअर पहिल्यांदा प्रसिद्ध होऊन चार महिने झालेले असावे लागतात, म्हणजे पहिल्या उत्साहात जन्मून विझणारे प्रकल्प आपोआप गळतात. ते कसं बसवायचं याच्या सूचना असाव्या लागतात. चालायला एखाद्या बाहेरच्या बंदिस्त सेवेची गरज लागत असेल तर तशी खूण करावी लागते. परवाना मुक्त नसेल तर नोंद मुख्य यादीत येतच नाही, तिच्यासाठी वेगळं पान आहे. यांतला एकेक नियम वाचकाच्या एकेका संभाव्य फसगतीचा विचार करून केलेला आहे. दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. त्या खऱ्या आहेत याची खात्री करायला परवाना वाचावा लागतो, सॉफ्टवेअर बसवून पाहावं लागतं, गेल्या वर्षभरात त्यावर काम झालं आहे का हे बघावं लागतं.

मराठी वाचकाला सूचिकार्य नवं नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या जिद्दीनं तयार केली, आणि जुन्या मराठी पुस्तकांविषयी काही लिहायचं तर आजही अभ्यासकाला दाते सूची उघडावी लागते. पण त्या सूचीचं ध्येय सर्वसमावेशक असणं हे होतं. पुस्तक बरं की वाईट हा प्रश्न तिथे गैरलागू होता, कारण एकही ग्रंथ निसटू नये हीच तिची कसोटी. शिवाय छापलेलं पुस्तक छापलेलंच राहतं; १८७० सालच्या नोंदीत १९३० साली दुरुस्ती करायचं कारण सहसा पडत नाही. सॉफ्टवेअरच्या निवडक यादीचं शास्त्र नेमकं उलट आहे. इथे सगळं घेतलं तर यादी निरुपयोगी होते, आणि एकदा घेतलेलं तपासलं नाही तर ती खोटी ठरते. म्हणून ऑसमच्या नियमांमध्येच म्हटलं आहे, की इथे सगळं मिळणार नाही, फक्त उत्तम तेवढं मिळेल. ज्यांची देखभाल थांबली आहे असे प्रकल्प ठेवू नयेत.

सगळं सामावून घेण्याच्या हट्टाचं काय होतं याचा धडा इंटरनेटच्या इतिहासात आहे. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांची वर्गवार यादी केली, तिचीच पुढे याहू ही कंपनी झाली. १९९८ मध्ये ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ आला. त्याला लोक डीमॉझ म्हणत. इथे पगारी नोकरांऐवजी स्वयंसेवक संपादक होते. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. बंद होताना डीमॉझच्या पहिल्या पानावर ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळांचा आणि आजवरच्या ९० हजारांहून अधिक संपादकांचा आकडा होता. एवढं मनुष्यबळ असून ही निर्देशिका का टिकली नाही? गूगलचा शोध जास्त सोयीचा ठरला हे एक कारण, आणि ते खरंच आहे. पण दुसरं कारण तिच्या रचनेत होतं. सगळं जग यादीत आणायचं ठरवलं की प्रत्येक विषयाला जाणकार संपादक मिळत नाही, सुचवलेली संकेतस्थळं वर्षानुवर्षं रांगेत पडून राहतात आणि जुन्या नोंदी कुणी बघत नाही. डीमॉझ गेली, पण त्याच काळात एकेका विषयाला धरून राहिलेल्या छोट्या याद्या फोफावल्या. त्यांची हद्द ठरलेली होती, आणि त्या हद्दीतलं ज्यांना खरोखर कळतं अशी माणसं त्यांच्यामागे होती.

नोंदी किती झपाट्यानं शिळ्या होतात याचे पुरावे आहेत. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. मेलेली लिंक निदान लगेच दिसते. न दिसणारा बदल परवान्यातला असतो, आणि तो अधिक महागात पडतो. इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र अपाची या मुक्त परवान्याखाली होतं. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या कंपनीनं पुढच्या आवृत्त्यांसाठी तो सोडून ओपन सोर्सच्या व्याख्येत न बसणारे परवाने लावायचं ठरवलं, तेव्हा ॲमेझॉननं जुन्या कोडवरून ओपनसर्च ही वेगळी शाखा काढली. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचा परवाना तसाच बदलला आणि त्यातून ओपनटोफू ही शाखा निघाली. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसच्या कंपनीनं तेच केलं आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की उभं राहिलं. पुढे इलॅस्टिकसर्च २०२४ मध्ये आणि रेडिस २०२५ मध्ये एजीपीएल हा मुक्त परवाना घेऊन परत आलं. या चार-पाच वर्षांत सॉफ्टवेअरची नावं तीच होती, संकेतस्थळं तीच होती, लिंक चालू होत्या. यादीतला परवान्याचा एक शब्द मात्र खोटा झाला होता, आणि त्याच शब्दावर विसंबून एखादी छोटी कंपनी आपला धंदा उभा करत असू शकते. असा एक शब्द वेळेवर बदलणारी पुल रिक्वेस्ट दिसायला क्षुल्लक असते, पण दहा नव्या नोंदींपेक्षा तिचा उपयोग जास्त.

तरीही ‘काँट्रिब्यूशन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भर घालणंच येतं, आणि या समजुतीचा फटका याद्यांना आणि एकूणच ओपन सोर्सला बसला आहे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरला ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते; ठरावीक संख्येनं पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना त्यात टीशर्ट मिळत असे. हेतू चांगला होता आणि हजारो नवख्यांना त्यातून खरोखर वाट सापडली. पण २०२० च्या ऑक्टोबरात माहितीपानावरचा एखादा शब्द उगाच बदलणाऱ्या, कुठेतरी एखादं विशेषण घुसवणाऱ्या रिक्वेस्टांचा एवढा पूर आला, की आयोजकांना मोहीम चालू असतानाच नियम बदलावे लागले: ज्या प्रकल्पांनी आपणहून सहभागाची तयारी दाखवली असेल तेवढ्यांतलीच कामं धरायची. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या अत्यंत लोकप्रिय प्रकल्पावर अशीच लाट आली. पुल रिक्वेस्ट कशी करायची हे शिकवणाऱ्या एका भारतीय व्हिडिओत उदाहरणासाठी तो प्रकल्प वापरला होता, आणि शिकणाऱ्या मुलांनी त्याच्या माहितीपानावर आपापली नावं घालण्याच्या विनंत्या पाठवल्या. या मुलांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. नोकरीच्या मुलाखतीत ‘ओपन सोर्स काँट्रिब्यूशन’ दाखवा असं त्यांना सांगितलं जातं, कॉलेजात गिटहबवरच्या रोजच्या कामाची नोंद दाखवणाऱ्या हिरव्या चौकटींचा आलेख मोजला जातो, आणि काँट्रिब्यूशन म्हणजे काय हे शिकवायला कुणी नसतं. जे मोजलं जातं तेच केलं जातं. म्हणून प्रश्न मोजमापाचा आहे.

निवडक याद्या या बाबतीत चांगल्या शाळा होऊ शकतात, आणि काही झाल्याही आहेत. मुख्य ऑसम यादीत नवी यादी सुचवायची तर ती सुरू होऊन किमान ३० दिवस झालेले असावे लागतात, आणि सुचवणाऱ्यानं आधी इतरांच्या किमान दोन पुल रिक्वेस्ट तपासून त्यांवर अभिप्राय द्यावा लागतो. नियम खरोखर वाचले आहेत हे दाखवायला ‘युनिकॉर्न’ हा ठरावीक शब्द लिहायची अटही तिथे घातली गेली. या अटींमागे एक साधं तत्त्व आहे. मागण्याआधी दुसऱ्याचं काम वाचा. दोन अनोळखी माणसांच्या नोंदी नियमांशी ताडून पाहिल्या, की स्वतःची नोंद कशी असावी हे सांगावं लागत नाही; आणि मेंटेनरच्या डोक्यावरचा भारही थोडा हलका होतो.

याद्या राखण्याच्या या कामावरचा पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: शोधयंत्र आहे, आता कृत्रिम बुद्धिमत्ताही आहे, मग माणसांनी याद्या कशाला राखायच्या? याला दोन गोष्टींचं उत्तर पुरेसं आहे. यंत्र क्रम लावतं तो लोकप्रियतेच्या खुणांवरून, आणि खुणा विकत मिळतात. गिटहबवर पसंतीची खूण म्हणून प्रकल्पांना दिल्या जाणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यास करून २०२४ च्या अखेरीस संशोधकांनी ४५ लाख संशयित बनावट तारे दाखवून दिले. त्यांतल्या बऱ्याच ताऱ्यांचा वापर घातक प्रोग्रॅमना साळसूद भासवण्यासाठी झाला होता. दुसरी गोष्ट आणखी गंभीर. कोड लिहून देणाऱ्या १६ भाषा-मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेऊन केलेल्या एका संशोधनात त्यांनी सुचवलेल्या पॅकेजांपैकी, म्हणजे तयार कोडच्या संचांपैकी, जवळपास २० टक्के पॅकेजं अस्तित्वातच नव्हती. असं काल्पनिक नाव हेरून कुणी त्याच नावानं घातक पॅकेज ठेवलं, तर मॉडेलवर विसंबलेला माणूस ते स्वतःच्या हातानं बसवून घेईल. यंत्राचा उपयोग नाही असा याचा अर्थ नाही. लिंक उघडते का, प्रकल्पात शेवटचा बदल कधी झाला, नोंद ठरल्या साच्यात आहे का, हे तपासण्याचं कंटाळवाणं काम चांगल्या याद्यांमध्ये प्रोग्रॅमच करतात, आणि तेच योग्य आहे. पण ‘हे मी वापरून पाहिलं, हे ठीक आहे’ असं नावानिशी म्हणणारा कुणीतरी लागतो. उद्या मॉडेलं अधिक अचूक झाली, तरी ती शिकतील ती माणसांनी पडताळलेल्या अशाच नोंदींवरून.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. चांगलं काय हे ठरवण्याचा अधिकार या मूठभर मेंटेनरांना दिला कुणी? त्यांच्या आवडीनिवडी, त्यांची भाषा, त्यांचा देश यादीत उतरणारच. हे खरं आहे. बहुतेक याद्या इंग्रजीत आहेत आणि युरोप-अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरच्या गरजा त्यांत आधी दिसतात. पण या अधिकाराला तीन मर्यादा आहेत. नियम आधी लिहिलेले असतात. नकाराचं कारण सर्वांना वाचता येतं. आणि कुणाला निर्णय मुळातच पटला नाही, तर अख्खी यादी उचलून वेगळी चालवता येते, कारण तिचा परवानाच तशी मुभा देतो. ऑसमच्या नियमांनी तर याद्यांना सार्वजनिक मालकीच्या सीसी-झीरो परवान्याची शिफारस केली आहे. पुरस्काराच्या समितीपुढे किंवा कंपनीच्या ॲप स्टोअरपुढे सामान्य माणसाला यांतलं काहीच उपलब्ध नसतं. पक्षपात पूर्ण टळत नाही, पण तो उघडा पडतो आणि त्यावर उपाय करता येतो. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे आपल्या गरजांची यादी आपण राखणं.

मराठीच्या बाबतीत हा उपाय हाताशी आहे. सामग्री थोडी नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता, रेड हॅटनं प्रसिद्ध केलेला लोहित देवनागरी, आयआयटी मुंबईचा शोभिका हे फॉन्ट ओपन फॉन्ट परवान्याखाली कुणालाही वापरता येतात. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटानं मराठीसाठी महाकॉर्पस हा वाक्यसंग्रह आणि महाबर्टसारखी मॉडेलं उपलब्ध केली. एआयफोरभारत या संशोधन गटानं भारतीय भाषांच्या अशा साधनांचा सामूहिक कॅटलॉग ठेवला आहे. मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे आणि ऑसम सेल्फहोस्टेडमध्ये त्याची नोंद आहे. मराठीपुरती, मराठीत लिहिलेली, नीट राखलेली यादी यांतून उभी राहू शकते, आणि तिथे मराठी माणसाशिवाय कुणी करू शकणार नाही अशी तपासणी लागेल. फॉन्टमध्ये ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र नीट उमटतो का? ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी? शुद्धलेखन तपासनीस ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ असा प्रत्ययांची रांग लागलेला शब्द ओळखतो की त्याखाली लाल रेघ ओढतो? वाक्यसंग्रहाचा परवाना व्यावसायिक वापराला मुभा देतो, की फक्त संशोधनाला? शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण व्यावसायिक वापराला बंदी असलेली सामग्री कितीही मोलाची असली, तरी ओपन सोर्सच्या व्याख्येत ती बसत नाही, आणि तसं यादीनं स्पष्ट म्हटलं पाहिजे. या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही ताऱ्यांच्या संख्येत सापडणार नाहीत.

उरतो तिसरा आक्षेप, की हे किरकोळ काम आहे, खरं काम कोड लिहिण्याचं. कोडशिवाय यादी नाही हे उघड आहे. पण मूळ प्रकल्प जसे एकेका थकलेल्या मेंटेनरच्या खांद्यावर उभे असतात, तशाच याद्याही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरवाट सापडली. ती घालणाऱ्यानं दोनेक वर्षं साधी, उपयुक्त कामं करत दमलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावला होता. मदतीचा हात कमी असतो तिथे विश्वास घाईनं द्यावा लागतो, हा त्यातला धडा. तपासणाऱ्या माणसांची संख्या वाढणं ही सुरक्षेची गरज आहे, आणि तपासणीची सवय लागायला निवडक यादीइतकी सोपी जागा दुसरी नाही. तिथे प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही. ग्रंथपाल, शिक्षक, मुद्रितशोधक, अनुवादक, कुणीही येऊ शकतो, कारण लागतं ते वाचन, नेमकं लिहिणं आणि खोटं न लिहिण्याचा आग्रह.

म्हणून कॉलेजांना, कंपन्यांना आणि काँट्रिब्यूशन मोजणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे: पुल रिक्वेस्टांची संख्या विचारू नका, त्यांतली एखादी उघडून वाचा. आणि वाचकाला सांगणं इतकंच, की आपल्या आवडीच्या विषयाची एक यादी उघडा, तिचे नियम शेवटपर्यंत वाचा, आणि नवं काही सुचवण्याआधी तिथे असलेल्या पाच नोंदी तपासा. लिंक चालते का, परवाना तोच आहे का, वर्षभरात काम झालं आहे का? चुकलेलं सापडलं तर एका वेळी एकच दुरुस्ती पाठवा आणि कारण लिहा. यादी त्या दिवशी एका नोंदीनं कमी झाली असेल, तरी ती अधिक खरी झालेली असेल.